एका नावाचा रकाना

समजा, तुमच्या हातात एक कागद दिला आहे. कागदावर चार रकाने छापलेले आहेत: वेळ, गोल, जबाबदार, सही. समोर भात कापून सपाट केलेलं रान आहे, दोन्ही टोकांना बांबूचे गोल उभे आहेत आणि त्यांना सातपाटीच्या कोळ्यांची जुनी फाटकी जाळी बांधलेली आहे. तुम्ही कडेला पालथ्या घमेल्यावर बसलेले आहात. बावीस माणसं धुरळा उडवत पळताहेत. मध्येच आरडाओरडा होतो, चेंडू जाळीत जातो, शिट्टी वाजते. आता तिसऱ्या रकान्यात एक नाव लिहायचं आहे. रकाना दीड बोट रुंद. लिहा. कुणाचं लिहाल?

फार विचार करावा लागत नाही. जाळीसमोर एकच माणूस पडलेला असतो. गुडघा सोललेला, तोंडात माती. चेंडू त्याच्याच हातातून सुटलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुम्ही त्याचं नाव लिहिता, पुढे सही करता आणि काम चोख झालं म्हणून कागदाची घडी खिशात घालता.

भगवंतनंही तेच केलं होतं. दोनदा.

भगवंत सातपाटीचा. चार भावांत दुसरा. बापाच्या होडीवर माणसं पुरेशी होती आणि भगवंतला लहानपणापासून एक वाईट खोड होती: तो प्रश्न विचारायचा. आज मासळी कमी का, तर म्हणे देवाची मर्जी, एवढ्यावर त्याचं भागत नसे. भरती किती वाजता लागली, वारा कुठून होता, जाळ्याचं तोंड कुठल्या अंगाला होतं, हे सगळं तो कोळशानं घराच्या कुडावर मांडून ठेवायचा. बाप म्हणायचा, "ह्याला होडीत नको, शालंत घाला." सातवीपर्यंत शाळा झाली. पुढं तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा तिथल्या एका पोटठेकेदाराकडे तो पंपावर मदतनीस म्हणून लागला आणि वर्षाच्या आत पंपवाला झाला. समुद्राच्या अंगाला जे खोल खड्डे खणले जात होते, त्यांत झिरपणारं पाणी उपसायचं हे त्याचं काम. दर अर्ध्या तासानं पाण्याची पातळी वहीत लिहायची. अख्ख्या साइटवर त्याच्या वहीइतकी स्वच्छ वही कुणाची नव्हती.

ह्या वहीपायीच प्रधान साहेबांची नजर त्याच्यावर पडली.

प्रधान साहेब हे पोटठेकेदाराचे साइट मॅनेजर. फुटबॉलचे शौकीन. चाळिशी जवळ आली होती तरी सेंटर फॉरवर्ड स्वतः खेळत. सदुसष्ट सालच्या जानेवारीत पालघर तालुक्यातल्या संघांचे सामने ठरले, तेव्हा त्यांनी कंपनीचा संघ उभा केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "टीममधला माणूस साइटवरून जाणार नाही. काँक्रीटचं काम संपलं तरी त्याला स्टोअरमध्ये, मेंटेनन्समध्ये घेऊ. माझा शब्द."

काँक्रीटचं काम संपत आलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे हा शब्द लहान नव्हता. मनोरच्या बाजूच्या पाड्यांवरून आलेली शेकडो माणसं पावसाळ्यातलं शेत आवरलं की साइटवर यायची. त्यांच्यासाठी वर्षभराची नोकरी म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पण संघ कसा उभा केला, ते ऐका. साइट जशी चालते, तसाच! पुढचे पाच फॉरवर्ड ऑफिसातले: साहेब स्वतः, दोन इंजिनियर, एक ड्राफ्ट्समन, एक हेडक्लार्कचा मेहुणा. पाचांनाही बूट. मधले तीन हाफ फिटर आणि वेल्डर. मागचे दोन बॅक सुतारखात्यातले. आणि सगळ्यात मागे, गोलात, काँक्रीट गँगमधला झिपरू. हाफपासून मागे सगळे अनवाणी. फुटबॉलमधल्या जागा हुद्द्याप्रमाणे वाटून दिल्या होत्या आणि ह्यात काही चुकतंय असं एकाही माणसाला वाटलं नाही. भगवंतलाही वाटलं नाही.

झिपरू पंचविशीचा, वारली, काडीसारखा उंच. काँक्रीट ओतताना त्यात व्हायब्रेटर खुपसून ते बसवण्याचं काम त्याचं. ताडावर चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि वरून सोडलेलं ताडफळ खाली उभा राहून तो असं झेलायचा की आवाज होत नसे. चेंडूही तसाच झेलायचा. छातीशी घेऊन क्षणभर डोळे मिटायचा, जणू मूल घेतलंय.

भगवंतला साहेबांनी कागद दिला. साइटवर काही बिघडलं, भिंतीत पोकळी राहिली, शटरिंगच्या फळ्या फाकल्या, की जो दोष-तक्ता भरतात, तोच छापील फॉर्म. 'दोष' खोडून वर 'गोल' लिहिलं होतं. "तुझं अक्षर चांगलं आहे," साहेब म्हणाले. "प्रत्येक गोलला जबाबदार कोण, ते जागच्या जागी लिही. मला शिस्त हवी."

पहिला सामना दोन-शून्यनं गेला. भगवंतनं दोनदा 'झिपरू' लिहिलं, दोनदा सही केली. एक गोष्ट मात्र त्यानं कुणी न सांगता केली. पंपावरच्या सवयीनं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला, चेंडू आपल्या गोलावर आला की एक रेघ, समोरच्या गोलावर गेला की दुसरीकडे एक रेघ, असं तो मारत गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाणी आत किती येतंय हे मोजल्याशिवाय त्याला बसवतच नसे.

सामना पालघरला असल्यामुळे तो तिथून सरळ घरी सातपाटीला गेला. त्याची बायको इंदुबाई अंगणात बोंबील वाळत घालायच्या दोऱ्या ताणत होती.

"हरलात ना?" ती मान वर न करता म्हणाली.

"तुला कोन बोललं?"

"तुमच्या तोंडावर लिवलंय. कुनामुलं?"

"गोलकीपर. झिपरू म्हनून हाय एक. दोन सोडलं त्यानं."

इंदुबाईनं दोरीला गाठ मारली. "आनि आले किती व्हते?"

भगवंतनं कागद उलटा केला. रेघा मोजल्या. एकोणीस.

"एकोनीस आले, दोन सुटले. मंग सतरा कुनी धरले, तुमच्या सायबानं?" ती हसली. "अवो, जाल्यात मासली नाय आली तर खोल्याला शिव्या घालतंय का कोन? तुमचा बाप काय करायचा? आदी तोंड बगायचा, दोर बगायचा, पानी कुटून वाहतंय त्ये बगायचा. खोला बिचारा शेवटाला. त्याच्यात पडंल त्येच त्यो दावनार."

खोला म्हणजे डोल जाळ्याची शेपटी, जिथं मासळी साठते. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट. पण भगवंत त्या रात्री जेवला नाही धड. कारण त्याला आणखी एक गोष्ट आठवली होती.

पासष्ट सालच्या श्रावणात त्याच्या खड्ड्यात पाणी चढलं होतं. कमरेपर्यंत. सामान बुडालं. फॉर्मवर नाव आलं: भगवंत, पंपवाला. आठ दिवस घरी बसवलं त्याला. तो ओरडून सांगत होता की पंप पुऱ्या वेगानं चालू होता, वही बघा. वही कुणी बघितली नाही. पुढं पंधरा दिवसांनी कळलं की वरच्या बाजूला मुरूम टाकून घातलेला बांध ट्रकच्या रस्त्यासाठी कुणीतरी छाटला होता. पाणी तिथून येत होतं. पण तिथं पाणी साचत नव्हतं ना! साचत होतं ते भगवंतच्या खड्ड्यात. जिथं साचतं तिथला माणूस चोर. त्या आठ दिवसांचा अपमान त्याच्या छातीत अजून जिताजागता होता. आणि तोच भगवंत आज दीड बोटाच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव लिहून आला होता, चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या सामन्याला तो निराळ्या डोळ्यांनी बसला. चेंडूकडे बघायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. चेंडू सगळेच बघतात. त्यानं मोकळी जागा बघायला सुरुवात केली. आणि गोल झाला की तिथून उलट्या पावली मागे जायचं: झिपरूच्या आधी चेंडू कुणाकडे होता, त्याच्या आधी कुठे, आपल्या माणसाच्या पायातून तो पहिल्यांदा नेमका कुठल्या जागी सुटला. कागदाच्या मागे त्यानं मैदान काढलं आणि सुटल्याच्या जागी फुली मारत गेला.

संघ चार-एकनं हरला. चारातल्या तीन फुल्या एकाच पट्टीत होत्या. पुढचे पाच आणि मधले तीन ह्यांच्यामध्ये जी पन्नास पावलांची मोकळी जागा पडत होती, तिथं. फॉरवर्डांकडून चेंडू निसटला की पाचही जण कमरेवर हात ठेवून उभे राहत. मागे यायचं नाही. ते त्यांचं खातंच नव्हतं! हाफ चेंडू पुढं ढकलून मोकळे होत, बॅक हाफकडे लाथाडून मोकळे होत.

त्यानं पुंजारामला गाठलं. पुंजाराम नगरकडचा फिटर, मधला हाफ, मनानं सरळ माणूस.

"पुंजाराम, चेंडू दिल्यावर तू तिथंच हुबा का ऱ्हातो?"

"मग काय करू? माझं काम चेंडू पुढं द्यायचं. दिला. पोअर कार्डावर सही झाली आपली."

पोअर कार्ड म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीचा सह्यांचा कागद. सुतार सही करतो: फळ्या ठीक. फिटर सही करतो: सळ्या ठीक. इलेक्ट्रिशियन सही करतो: नळ्या ठीक. ज्याची सही झाली तो मोकळा. मग काँक्रीट ओततात, आणि फळी काढल्यावर आत पोकळी निघाली की सापडतो तो शेवटचा, व्हायब्रेटरवाला. सह्या करून करून ह्या माणसांच्या अंगात सहीच भिनली होती. फुटबॉलसुद्धा ते सही करून खेळत होते.

"आनि चेंडू परत आला तर?"

"तो बॅकवाल्यांचा. त्यांच्याकडून सुटला तर झिप्र्याचा," पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं डोक्याला हात लावला. "च्यायला," तो म्हणाला. "म्हणजे सगळं झिप्र्याचंच की रं."

त्या फॉर्मवर भगवंतनं 'जबाबदार' ह्या रकान्यात नाव लिहिलं नाही. लिहिलं: 'मधली मोकळी पट्टी, मागे पाहावे.' अक्षरं मावेनात म्हणून बारीक केली.

पण साहेबांचं निदान आधीच झालेलं होतं. गोलकीपर कच्चा! मग उपायही तयार. एक, दोन्ही बॅकना हुकूम की झिपरूच्या अगदी पुढ्यात उभे राहा, त्याच्यावर विश्वास नाही. दोन, झिपरूनं रोज पाळीच्या आधी एक तास जादा सराव करायचा. म्हणजे जो माणूस आठ तास व्हायब्रेटर धरून हाडं खिळखिळी करून घेतो, त्यानं आधी तासभर जमिनीवर उड्या मारायच्या. बॅक मागे सरकले, त्यांच्यामागोमाग हाफही सरकले, तशी मधली पट्टी पन्नासाची सत्तर पावलं झाली. जागा वाढली म्हणून चेंडू जास्त सुटले. जास्त सुटले म्हणून गोलावर जास्त आले. जास्त आले म्हणून झिपरू जास्त दमला, आणि दमला म्हणून त्याच्यावर आणखी ओरडा झाला. भगवंतच्या डोळ्यांपुढे रहाट फिरत होता. प्रत्येक उपाय त्या रहाटाला आणखी एक बैल जोडत होता.

तिसऱ्या सामन्यात झिपरूच्या गोलावर चेंडू आला तेहतीस वेळा. तेहतीस! समोरच्या गोलकीपरकडे गेला फक्त चार वेळा. तो बिचारा बांबूला टेकून बोरं खात होता. झिपरूनं तीस अडवले. त्याच्या करंगळीचं हाड सरकलं, तरी त्यानं तीस अडवले. सामना तीन-शून्यनं गेला, आणि तीनही फुल्या त्याच पट्टीत पडल्या. साहेबांनी मैदानावर, दोनशे माणसांदेखत, झिपरूला विचारलं, "हाताला भोकं आहेत का रे तुझ्या?"

झिपरूनं हात वळवून पाहिले. खरोखरच पाहिले.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. झिपरू संघातून बाहेर. त्याच्या जागी टाइम ऑफिसातले सावे, जे मुंबईला कॉलेजात गोलकीपर होते आणि ज्यांच्याकडे कातडी हातमोजे होते.

भगवंत तीनही कागद घेऊन साहेबांच्या पत्र्याच्या ऑफिसात गेला. त्यानं टेबलावर ते ओळीनं मांडले.

"साहेब, ह्या रेघा बगा. एकोनीस, सव्वीस, तेहतीस. हे त्याच्याकडं आलेले. सुटले किती, तर दोन, चार, तीन. मानूस दर वेळी तितकाच चांगला हाय, पानीच जास्त येतंय. आनि ह्या फुल्या. मागच्या दोन सामन्यांत सात गोल झाले, त्यातले सा इथून सुरू झाले. ह्या पट्टीतून. पयल्या सामन्याचं मी बगितलं नाय, त्ये धरत नाय."

साहेबांनी कागद जवळ ओढला. दोन मिनिटं पाहिलं. माणूस हुशार होता, समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. समजलं, म्हणून तर कान तांबडे झाले.

"ही पट्टी कुणाची?"

"कुनाचीच नाय, साहेब. त्येच तर."

"म्हणजे फॉरवर्डांनी मागे यावं असं तुझं म्हणणं. म्हणजे मी."

"तुमी एकटे नाय. पाची जनांनी. अर्धा वेळ तरी."

"भगवंत, फुटबॉल कधी खेळलास?"

"नाय, साहेब."

"मग पंप बघ." त्यांनी कागद गोळा करून परत दिले नाहीत, बाजूच्या ट्रेमध्ये टाकले. "आणि रकान्यात निबंध लिहायचा नसतो. नाव लिहायचं असतं."

पुढच्या रविवारी चौथा सामना झाला. गोलात सावे, हातमोजे घालून. चेंडू आला चौतीस वेळा. पाच सुटले. पाच-शून्य! भगवंतनं पेन्सिल हातात घेऊन वर पाहिलं. त्याला खरंच वाटलं होतं की आता तरी. आता तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मांडलेलं होतं: माणूस बदलला, हात बदलले, मोजे आले, आणि पाणी तेवढंच चढलं. ह्याहून मोठा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार होता?

साहेब टॉवेलनं मान पुसत आले. "सावेचा आज दिवस वाईट होता," ते म्हणाले. "तो रकाना आज कोरा ठेव."

कोरा ठेव! झिपरूनं सोडले ते हाताला भोकं म्हणून, आणि सावेंनी सोडले तो दिवसाचा दोष. सावे स्वतः भला माणूस होता. ते मागे येऊन हळूच म्हणाले, "भगवंत, तो झिपरू तीस कसे अडवत होता रे? मला पंधराव्यालाच श्वास पुरेना." पण हे ते साहेबांना म्हणाले नाहीत. भगवंतला त्यांच्यावर रागावताही येईना.

मार्चमध्ये, शिमग्याच्या चार दिवस आधी, काँक्रीट गँगमधून कमी करायच्या माणसांची यादी फळ्यावर लागली. झिपरूचं नाव होतं. खरं तर जवळजवळ सगळ्या गँगचं होतं. पण झिपरूला शब्द मिळाला होता, आणि तो शब्द संघाबरोबर गेला होता.

शिमग्याच्या सुट्टीत गंमत म्हणून एक सामना ठरला. जाणाऱ्या गँगचे अकरा विरुद्ध कंपनीचा संघ. झिपरू, चिंतू, जिवल्या आणि बाकीचे. सगळे अनवाणी. भगवंत त्यांच्या झोपड्यांकडे गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"मला एक बगू द्या," तो म्हणाला. "चेंडू कुटंबी असू दे. तुमी एकमेकांपासून लांब जायाचं नाय. पुडं गेलात तर सगले पुडं, मागं आलात तर सगले मागं. मदी भोक पडू द्यायाचं नाय. बस."

चिंतूनं तोंड वाकडं केलं. "मंग गोल कोन मारंल? सगलेच मागं आले तं?"

झिपरू विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "अरं, तारप्याच्या नाचावानी. वाजवनारा वलला का सगली रांग वलती. मदल्यानं हात सोडला तं शेवटचा पडतो. पडतो शेवटचा, सोडतो मदला." आणि मग भगवंतकडे पाहून, "इतकंच ना, भगवंतदा?"

इतकंच होतं. तीन कागद आणि दोन महिने लागले होते भगवंतला, आणि झिपरूच्या अंगात ते जन्मापासून होतं. गोलात एकटं उभं केलं, पण त्याला विचारलं कुणी होतं?

तो सामना बघायला सगळी साइट लोटली. कंपनीचे पाच फॉरवर्ड नेहमीसारखे कमरेवर हात ठेवून उभे. गँगची ओळ मात्र कधी लांबली नाही. चेंडू कुणाकडून सुटला की तीन हात पलीकडे दुसरा उभाच. वेल्डर मंडळी कडेनं ओरडत होती, "अरे, ये तो मच्छर हैं, हटतेही नहीं!" जिवल्यानं उत्तरार्धात एक गोल सारला, तोही गुडघ्यानं. एक-शून्य. झिपरूकडे चेंडू आला सगळे मिळून सात वेळा. सातही त्यानं घेतले, दोनदा तर चालत जाऊन.

साहेब हसत आले. हरले तरी हसत होते, तेवढा दिलदारपणा त्यांच्यात होता. झिपरूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! आज गोलकीपरनं मॅच जिंकून दिली. आज हाताला भोकं नव्हती!"

भगवंत उठला. घमेलं लवंडलं. "साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "आज त्याला कामच नव्हतं. सात आले. ज्या दिवशी तेहतीस आले त्या दिवशी त्यानं तीस धरले, आनि तुमी त्याला काडला. शिव्याबी त्यालाच, शाब्बासकीबी त्यालाच. बाकीचे धा जन तुमाला दिसतात का नाय?"

साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "यादी वर गेली आहे," ते म्हणाले. "आता माझ्या हातात नाही."

मग भगवंतनं जे चेंडूचं केलं होतं, तेच यादीचं केलं. उलट्या पावली निघाला. फळ्यावर कागद लावणारा शिपाई म्हणाला, मी फक्त चिकटवला. टंकलेखक म्हणाला, मी फक्त टाइप केला. साहेब म्हणाले, मी फक्त शिफारस केली, निकष वरचे. वर, म्हणजे मुंबईला, कोण बसलं होतं ते तिथं कुणालाच धड सांगता येईना. ते म्हणे साइटवरून येईल त्यावर शिक्का मारतात. प्रत्येकाची सही जागच्या जागी होती. पोअर कार्ड पुरं होतं.

शेवटी हेडक्लार्कनं वैतागून फाइल काढली आणि टेबलावर आपटली. "हे बघ. कारण लिहिलंय: कामगिरी असमाधानकारक, जोडपत्र पाहावे. आणि हे जोडपत्र."

जोडपत्र म्हणजे दोष-तक्ता. पहिल्या सामन्याचा. जबाबदार: झिपरू. जबाबदार: झिपरू. खाली चांगल्या अक्षरात सही.

"आनि बाकीचे दोन?" भगवंतनं विचारलं. "दुसऱ्या, तिसऱ्या सामन्याचे? ज्याच्यावर मी मागं पाहावं लिवलं व्हतं?"

"ते लावता येत नाहीत. त्यांत नाव नाही."

झिपरूचा ट्रक मनोरकडे निघायच्या आधी भगवंतनं त्याला गाठलं. झिपरूच्या खांद्यावर गोधडी आणि भांडी होती. भगवंतनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

झिपरूनं खांद्यावरची गोधडी खाली ठेवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तुमी लिवलं?"

"मी लिवलं."

"मंग खोडा ना."

भगवंत त्याच पावली हेडक्लार्ककडे परत गेला. फाइल बंद झाली होती. बंद फाइलीतलं खोडता येत नाही.

ह्याला दोन वर्षं झाली. केंद्र उभं राहिलं, वीज खेळू लागली, बोईसरच्या स्टेशनापर्यंत दिवे लागले. भगवंत अजून पंपावर आहे, आता दुसऱ्या ठेकेदाराकडे. झिपरू त्याला मनोरच्या बाजारात कधी कधी भेटतो, पाड्यावरच्या पोरांना खेळवतो म्हणे, आणि त्याची वाकडी करंगळी तशीच आहे. भेटला की तो यादीचं काढत नाही. भगवंत काढतो.

नव्या ठेकेदाराकडेही तोच फॉर्म आहे. भगवंत आता त्या रकान्यात नाव लिहीत नाही. फॉर्म परत येतो, लाल शाईनं 'अपूर्ण' असं लिहून. तो पुन्हा तसाच पाठवतो. दोनदा ताकीद मिळाली आहे. तिसरी मिळाली तर त्याचंही नाव फळ्यावर लागेल, हे त्याला ठाऊक आहे आणि इंदुबाईलाही ठाऊक आहे. ती एवढंच म्हणाली, "लागू दे. होडी अजून बुडाली नाय आपली."

स्टोअरकीपरला, टंकलेखकाला, नव्या साहेबाला, एकदा तर पालघरच्या छापखान्यात जाऊन फॉर्म छापणाऱ्यालाही त्यानं विचारलं, हा रकाना आला कुठून. छापणारा म्हणाला, नमुना येतो तसा आम्ही छापतो. नमुना कुठून येतो ते कुणालाच ठाऊक नाही. बाकी सगळं भगवंतला सापडलं आहे: चेंडू कुठं सुटला, पट्टी कुठं पडली, सही कुणाची होती. आपली होती हेही त्यानं मान्य केलं आहे. एवढं एकच अजून राहिलं आहे, आणि भेटेल त्या शिकलेल्या माणसाला तो खिशातला फॉर्म उलगडून, दीड बोटाच्या त्या जागेवर नख टेकवून विचारतो:

"बावीस मानसं खेलत असताना, एकच नाव मावंल येवडाच रकाना आखला कुनी?"